चोरीला गेलेला लॅपटॉप अकरा दिवसांनी ऑनलाइन आलाय, पुढे काय करू?

उनाड पेठकर (धागाकर्ता), शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर टवाळक्या करायला येतो, पण आज खरंच डोकं चालत नाहीये म्हणून टेक विभागात धागा काढतोय. चुकीच्या ठिकाणी असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही चौघं पुण्यात कर्वेनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला एक जण जिमला गेला, जाताना दार नुसतं लोटून गेला, बाकीचे तिघं आत गाढ झोपलेले. सात वाजता उठून बघतो तर हॉलमधला माझा लॅपटॉप गायब आणि दुसऱ्याचा फोनही गायब. शेजारच्या बिल्डिंगच्या सीसीटीव्हीत पाठीला सॅक लावलेला एक मुलगा दिसतो, तोंडाला मास्क. बस्स.

गंमत म्हणजे चार्जर इथेच राहिला. गेमिंग लॅपटॉप आहे, चार्जर विटेएवढा, २३० वॅटचा, सोफ्यामागे अडकलेला. त्याला दिसला नसावा किंवा ओढून निघाला नसावा.

आता मुद्दा. ऑफिसातून घरच्या लॅपटॉपवर चालू असलेले प्रोग्रॅमचे रन बघता यावेत म्हणून मी त्यावर टेलस्केल (आपलीच मशीन्स इंटरनेटवरून एकमेकांना जोडणारा प्रोग्रॅम) टाकून ठेवलं होतं, कोणी लॉगिन केलं नसलं तरी चालू राहील असं. शिवाय विंडोजचा एसएसएच सर्व्हरही चालू, म्हणजे दूरून आत शिरून कमांड देता येतात. अकरा दिवस टेलस्केलच्या पानावर तो लॅपटॉप करड्या रंगात पडून होता. मी रोज बघायचो, मग दिवसाआड बघायला लागलो. आज संध्याकाळी सव्वासातला पाहिलं तर हिरवा ठिपका!! मी अक्षरशः चहा सांडला. साधारण वीस मिनिटं ऑनलाइन होता, मी एसएसएचनं आत शिरलोसुद्धा, पण हात इतके थरथरत होते की तीनदा पासवर्ड चुकला आणि आत गेल्यावर काय करायचं तेच सुचेना. नुसतं डिर (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारून माझेच फोल्डर बघत बसलो. मग गेला.

तर प्रश्न असा की परत आला तर काय काय करायचं, कॅमेरा चालू करून त्या माणसाचा फोटो काढू का, आणि पोलिसांना हे कसं समजवायचं? त्यांनी आधीच माझी तक्रार "गहाळ" म्हणून घेतली आहे.

---

चहाबाज, रात्री ११:५२

सांडलेल्या चहाबद्दल तीव्र संवेदना.

बाकी भारी आहे राव. फोटो काढ की, विचारतोस काय. काढ आणि सगळीकडे व्हायरल कर.

---

रात्रपाळी, रविवार, रात्री १२:२०

थांब थांब. फोटोबिटो नंतर. मी सर्व्हर सांभाळतो, नावाप्रमाणे आत्ताही कामावरच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे सांग की डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, आहे का? विंडोजचा त्यासाठीचा बिटलॉकर चालू होता? कारण अर्धा खेळ तिथेच ठरतो.

दुसरं, टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर त्या मशीनच्या नावावर क्लिक केलंस की खाली एंडपॉइंट्स दिसतात, तिथे बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्यावरचा दार क्रमांक) असतो आणि आतला १९२.१६८ वाला पत्ताही. त्याचा स्क्रीनशॉट आत्ताच्या आत्ता काढ, घड्याळ दिसेल असा. पुढच्या वेळी दुसऱ्या नेटवर्कवरून आला तर हे बदलून जाईल.

पोर्ट आणि वेळ का, तर आपल्याकडे मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवरही एकाच आयपीमागे शेकडो गिऱ्हाईकं बसलेली असतात, चाळीच्या एका पत्त्यावर सगळी बिऱ्हाडं असावीत तसं. पोलिसांनी कंपनीला नुसता आयपी पाठवला तर उत्तर येणार "कोणतं बिऱ्हाड?" आयपी, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ, तीनही दिलं तर खोली सापडते. हे लॉग १८० दिवस ठेवायला सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सर्ट-इननं, २०२२ पासून सांगितलेलं आहे, म्हणजे वेळ आहे, पण पोलिसांचं पत्र कधी निघेल ते तुला माहीतच आहे.

आणि आयपी टाकून नकाशा दाखवणाऱ्या साइट्सवर विश्वास ठेवू नकोस. माझा स्वतःचा मोबाइल घरबसल्या कधी मुंबईत असतो, कधी नागपुरात.

---

उनाड पेठकर, रात्री १२:३५

हो, बिटलॉकर चालू आहे, विंडोज ११ प्रो. विंडोजचा पासवर्डही आहे. मग तो ऑनलाइन आलाच कसा हे मला कळत नाहीये, लॉगिन केल्याशिवाय वायफाय कसं जोडलं?

स्क्रीनशॉट काढला. आयपी पुण्यातल्याच एका केबलवाल्या ब्रॉडबँडचा वाटतोय.

---

रात्रपाळी, रात्री १२:५८

अरे लॉगिनच्या स्क्रीनवर उजवीकडे खाली वायफायचं चिन्ह असतं की, तिथून कोणीही आपलं वायफाय जोडू शकतो. बहुतेक कोणीतरी "पासवर्ड विसरलो" वगैरे करून बघण्यासाठी नेट जोडलं असणार. आणि बिटलॉकर तुझ्या मशीनमध्ये टीपीएम चिपच्या भरवशावर आहे, म्हणजे बटण दाबल्यावर चिप आपणहून कुलूप उघडते, विंडोज लॉगिन स्क्रीनपर्यंत येतं, मागच्या सर्व्हिसेस सुरू होतात, टेलस्केल सुरू होतं, पण पासवर्ड नसल्यामुळे समोरच्याला डेटा काही दिसत नाही. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर नुसता कचरा.

नशीबवान आहेस. सुरू करतानाच पिन विचारणारा बिटलॉकर असता तर डेटा आणखी सुरक्षित, पण मशीन तिथेच अडकलं असतं आणि तुला हिरवा ठिपका जन्मात दिसला नसता. आणि काहीच एन्क्रिप्शन नसतं तर त्यानं कधीच पेन ड्राइव्ह लावून पासवर्ड उडवला असता आणि तुझे फोटो बघत बसला असता. फॉरमॅट मारणं मात्र अजूनही शक्य आहे म्हणा. फॉरमॅट मारला की टेलस्केल, अ‍ॅनीडेस्क, प्रे, दूरून मशीन गाठायचं सगळं गेलं. फॉरमॅटनंतर टिकणारी सोय म्हणजे काही कंपन्यांच्या लॅपटॉपात बायोसमध्येच (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) बसवलेला अ‍ॅब्सोल्यूटचा भाग, जुनं नाव कॉम्प्युट्रेस, तो विंडोज नव्यानं टाकलं तरी स्वतःला परत बसवतो, पण तो आधीच चालू केलेला असावा लागतो. तुझा नसणार.

तेव्हा तुझ्याकडे फार वेळ नाही. परत दिसला की क्रमानं:

वायफायचं नाव आणि राउटरचा बीएसएसआयडी (त्याचा ओळख क्रमांक) घे, विंडोजच्या नेटशच्या वायलॅनवाल्या कमांडनं मिळतो. मग आसपास दिसणारी सगळी वायफाय नेटवर्कं, त्यांच्या बीएसएसआयडीसकट. फोनचं लोकेशन जीपीएस नसताना याच यादीवरून निघतं, गुगल-अ‍ॅपलकडे कुठला राउटर कुठे आहे याचे नकाशे आहेत. हे सगळं एका फाइलीत टाकून स्वतःकडे ओढून घे. बाकी कशालाही हात लावू नकोस, काही डिलीट नको, काही इन्स्टॉल नको.

---

सुधाकाकू, सकाळी ६:१५

अरे मुलांनो, रात्री एक-एक वाजेपर्यंत जागता आणि सकाळी दार लोटून झोपता, मग काय होणार. आमच्या सोसायटीत मागच्या दिवाळीत अगदी हेच झालं, दूधवाल्यासाठी दार उघडं होतं. हे लोक सकाळी सहा ते आठ मुलांच्या फ्लॅट्सवरच फिरत असतात, पाठीला सॅक, कोणी विचारलं तर "अमुक राहतो का इथे?"

ते तुमचं टेलस्केल मला कळलं नाही पण बिल आहे का हातात? आणि खोक्यावरचा सीरियल नंबर? पोलीस आधी तेच विचारतात. आमच्या भाच्याला लॅपटॉप सापडून तीन महिने मिळाला नव्हता कारण बिल वडिलांच्या नावावर आणि वडील गावी.

---

उनाड पेठकर, सकाळी ९:०५

काकू, बिल ईमेलमध्ये सापडलं. खोकं मी घर बदलताना फेकलं, पण कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीला रजिस्टर केलेलं होतं तिथे सीरियल नंबर आहे. आणि दाराला आता ऑटोमॅटिक कुलूप बसवलंय, घरमालकानं निम्मे पैसे दिले.

---

फणसगर, सकाळी १०:३०

रात्रपाळी यांच्याशी सहमत पण एक सुचवणी. आत शिरता येतंय तर लॉगिन स्क्रीनवर स्वतःचा मजकूर टाकता येतो, ऑफिसच्या मशीनवर "हे मशीन अमुक कंपनीचे आहे" असं येतं ना, तसंच. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या यादीत, दोन ओळी. "हा लॅपटॉप चोरीचा आहे, परत दिल्यास तक्रार मागे घेईन, अमुक नंबरवर फोन करा" असं टाक. दुकानदार असेल तर टरकून फोन करेल. माझ्या मित्राच्या मॅकला फाइंड मायमधून असाच मेसेज टाकून कुलूप लावलं होतं, दोन दिवसांत फोन आला.

---

रात्रपाळी, सकाळी ११:१०

मित्राचं नशीब. मॅकचा मुद्दाच वेगळा आहे, २०१८ नंतरच्या टी२ चिपवाल्या आणि आताच्या एम मालिकेतल्या मॅकना अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असतो, पुसून टाकला तरी मालकाच्या अ‍ॅपल खात्याशिवाय चालू होत नाही, म्हणजे चोराच्या हातात नुसता पत्रा. तिथे मेसेज टाकायला हरकत नाही कारण त्याच्याकडे दुसरा मार्गच नाही. इथे त्याच्याकडे आहे: पेन ड्राइव्ह, दहा मिनिटं, नवीन विंडोज, संपलं. तू "मी बघतोय" असं सांगितलंस की तो हेच करणार.

शेवटचं अस्त्र म्हणून एक आहे, बिटलॉकरला रिकव्हरी मोडमध्ये ढकलून रीस्टार्ट मारायचा, मग ४८ आकडी की टाकल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. पण मग तुझाही धागा तुटला. डेटा फार नाजूक असेल तरच.

---

कोर्टाची पायरी, दुपारी १:२५

मी वकील आहे, फौजदारी बाजूला. हा सल्ला म्हणून नाही, गप्पा म्हणून घ्या.

सर्वांत आधी ते "गहाळ" बदलून घ्या. गहाळ म्हणजे तुमच्याकडून पडलं, हरवलं, त्याचा दाखला मिळतो आणि विषय संपतो, तपास होत नाही. राहत्या घरातून नेलं म्हणजे चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५, पूर्वीचं भादंविचं ३८०, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दखलपात्र गुन्हा आहे, एफआयआर नोंदवायलाच हवी. ठाणे अंमलदार टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या, मग वरिष्ठ निरीक्षकांना भेटा, तिथेही नाही झालं तर उपायुक्तांकडे टपालानं किंवा ईमेलनं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये ऑनलाइन कळवण्याची सोय आहे, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आणि फोनवाल्या मित्राला सांगा की आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करून घे. लॅपटॉपला ती सोय नाही, कारण आयएमईआयच नसतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. स्वतःच्या मशीनमध्ये शिरणं हा गुन्हा नाही असं मी मानते, आयटी कायद्याचं ४३ वं कलम मालकाच्या परवानगीशिवाय शिरण्याबद्दल बोलतं आणि मालक तुम्हीच आहात. पण मशीन तुमचं म्हणून त्यासमोर बसलेला माणूस तुमचा होत नाही. त्याचे पासवर्ड, त्याच्या गप्पा, कॅमेऱ्यातून त्याच्या घरातलं दृश्य, तिथे त्याच कायद्याचं ६६ई, म्हणजे परवानगीशिवाय खाजगी फोटो टिपण्याबद्दलचं कलम, आडवं येऊ शकतं. आणि समोर कोण असेल सांगता येत नाही. चोराची बहीण असेल, दुकानातलं पोर असेल, पंधरा हजारांत सेकंडहँड घेतलेला एखादा विद्यार्थी असेल. चोरीचा कॉम्प्युटर माहीत असून बाळगणं हा ६६ब खाली गुन्हा आहे, पण त्यात "माहीत असून" हे महत्त्वाचं.

चहाबाज, व्हायरल वगैरे करायला सांगू नका हो लोकांना. उलटा बदनामीचा दावा येतो.

---

चहाबाज, दुपारी १:४०

माझा वरचा प्रतिसाद मागे. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकणे) करता येत नाहीये, संपादक बघा जरा.

---

ढगात गोळी, दुपारी २:५५

कोणी २०१० च्या डेफकॉन या हॅकर संमेलनातलं ते व्याख्यान नाही आठवलं अजून? झॉझ नावानं ओळखला जाणारा हॅकर, त्याचा मॅक बॉस्टनमधून चोरीला गेला, जवळजवळ दोन वर्षं काही पत्ता नाही आणि एक दिवस त्याच्या डायनॅमिक डीएनएसच्या (मशीनचा बदलता आयपी नोंदवत राहणारी सेवा) खात्यात तो मॅक ऑनलाइन दिसला, तोही लास व्हेगासमध्ये, आणि कहर म्हणजे कोणी हार्ड डिस्क पुसलेलीच नव्हती, एसएसएच तसंच चालू, मग हा आत शिरला, पण समोरचा गडी डायलअपवर, म्हणजे फोनलाइनवरच्या मंद नेटवर! त्यामुळे फाइली खेचता खेचता ह्याच्या नाकीनऊ, पण चिकाटीनं सगळं गोळा केलं, त्या माणसाचं नाव, पत्ता, फोटो, काय वाट्टेल ते, आणि पोलिसांकरवी मशीन परत मिळवलं. मग तेच सगळं स्टेजवर सांगितलं. मी कॉलेजात असताना पंधरा वेळा बघितलं असेल, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

उनाड, तुझी केस सेम टू सेम आहे फक्त डायलअप नाही.

---

ताम्हण, संध्याकाळी ६:१०

ते व्याख्यान मीही हसत हसत पाहिलं होतं, पण नंतर पाहिलं तेव्हा तितकं हसू आलं नाही. त्या माणसाचे अगदी खाजगी फोटोसुद्धा हॉलभर लोकांना दाखवून हशा घेतलाय.

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. इथल्या लोअर मेरियन भागातल्या शाळांनी मुलांना मॅकबुक दिले होते, त्यात चोरी झाल्यास शोधण्यासाठी कॅमेऱ्यातून आपोआप फोटो घेणारं सॉफ्टवेअर होतं. २०१० मध्ये एका मुलाला शाळेनं त्याच्याच खोलीतला फोटो दाखवून जाब विचारला तेव्हा घरच्यांना हे कळलं. चौकशीत कॅमेऱ्याचे आणि स्क्रीनचे मिळून ६६,००० हून जास्त फोटो निघाले, मुलं झोपलेली असतानाचेही. ६,१०,००० डॉलर्सवर तडजोड झाली. चोर पकडायला बसवलेली गोष्ट बंद करायचंच राहून गेलं होतं, बऱ्याच मशीनवर.

दुसरी ओहायोतली. एका बदली शिक्षिकेनं विद्यार्थ्याकडून साठ डॉलरला जुना लॅपटॉप घेतला, तो शाळेचा चोरलेला निघाला. ट्रॅकिंग कंपनीच्या माणसानं नुसता आयपी शोधून न थांबता तिचं मित्राशी चाललेलं बोलणं आणि कॅमेऱ्यातले नको ते फोटो टिपले, ते पोलिसांना दिले आणि पोलीस ते हातात घेऊन तिच्या दारात. २०११ मध्ये कोर्टानं तिचा दावा चालू ठेवला, आयपी मिळवणं वेगळं आणि संभाषण टिपणं वेगळं असा मुद्दा होता. पुढे तडजोड झाली.

कोर्टाची पायरी म्हणतायत तेच. पत्ता शोधा, माणूस बघू नका.

---

ढगात गोळी, संध्याकाळी ६:३५

मुद्दा मान्य. पण चोराच्या प्रायव्हसीची एवढी काळजी मला तरी पटत नाही. ज्यानं नेलंय त्यानं विचारून नेलं होतं का?

---

ताम्हण, संध्याकाळी ६:५०

ज्यानं नेलंय तोच समोर बसलाय हे कशावरून, एवढंच विचारतेय. २०१३ मध्ये लंडनमधल्या एकाचा मॅकबुक तेहरानमध्ये उघडला, त्यानं वापरणाऱ्यांचे फोटो ब्लॉगवर टाकले, जगभर गाजलं, आणि मग कळलं की त्या बिचाऱ्यांनी तो विकत घेतला होता. फोटो काढून टाकावे लागले त्याला.

---

उनाड पेठकर, सोमवार, रात्री ८:२०

आला!!! आज ५:४८ ते ६:३० होता. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये होतो, फोनवर नोटिफिकेशन लावून ठेवलं होतं, बॉसला "घरून फोन आहे" सांगून पळालो आणि जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो.

यावेळी पासवर्ड पहिल्या फटक्यात. वायफायचं नाव घेतलं आणि मला हसावं की रडावं कळेना, कारण ते नाव म्हणजे चक्क एका दुकानाचं नाव आहे, पुढे "कॉम्प्युटर्स" आणि "५जी". आसपासची यादी घेतली, त्यात एक डेअरी, एक क्लिनिक आणि एक "पासवर्ड मागू नये". दुकान, डेअरी आणि क्लिनिक, तीनही नावं नकाशावर टाकली, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला एकाच रस्त्यावर. बीएसएसआयडीवरून लोकेशन काढायची गरजच पडली नाही. नाव अर्थातच इथे लिहीत नाही.

खरं सांगू का, कॅमेरा चालू करायची कमांड मी टाइप केली होती. एंटर नाही मारलं. ताम्हण आणि वकीलबाई डोळ्यांसमोर आल्या आणि बॅकस्पेस दाबत बसलो. त्याऐवजी लॉगिनच्या नोंदी काढल्या, परवापासून चुकीच्या पासवर्डचे ६४ प्रयत्न. कोणीतरी मन लावून बसलंय.

आता वाटतंय सरळ गाडी काढून जावं. रूममेट तयार आहेत तिघंही.

---

सुधाकाकू, रात्री ८:३१

अजिबात जायचं नाही. आईला फोन लाव आधी.

---

रात्रपाळी, रात्री ८:३४

काकूंना अनुमोदन. तुम्ही चौघं गेलात तर एक तर लॅपटॉप मागच्या दारानं जाईल, नाहीतर हाणामारी होईल आणि एफआयआर तुमच्यावरच.

---

कोर्टाची पायरी, रात्री ९:१५

जाऊ नका. समजा त्यानं घाबरून परत दिला तरी तुमच्या हातात काय, तर पंचनामा नसलेला लॅपटॉप आणि कोणी चोरला ते गुलदस्त्यात.

उद्या सकाळी एकच कागद करा, दीड पानांचा, मराठीत. त्यात टेलस्केल, एसएसएच असले शब्द कमीत कमी. "माझ्या लॅपटॉपमध्ये मी पूर्वीपासून एक प्रोग्रॅम ठेवला होता, लॅपटॉप इंटरनेटला जोडला की मला कळते. अमुक तारखेला अमुक वेळी तो अमुक नावाच्या वायफायला जोडला गेला. हे वायफाय अमुक रस्त्यावरच्या दुकानाचे असावे." सोबत स्क्रीनशॉटचे प्रिंट, बिल, सीरियल नंबर. मूळ फाइली जशाच्या तशा ठेवा, पुढे साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, पूर्वीचं ६५ब. पोलीस स्टेशनात गेलात की डीबीचे लोक कुठे बसतात विचारा, म्हणजे गुन्हे शोध पथक. टेबलावरच्या अंमलदारापेक्षा त्यांना अशा गोष्टीत जास्त रस असतो, कारण पत्ता तयार आहे.

---

उनाड पेठकर, बुधवार, रात्री १०:५०

काल पूर्ण दिवस तिथेच गेला. "गहाळ"ची "चोरी" व्हायला चार तास लागले. आधी म्हणे हद्द, मग साहेब बंदोबस्ताला, मग प्रिंटर. वकीलबाईंच्या शब्दांत लिहिलेला कागद दिला तो एका हवालदारांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे लॅपटॉप तुम्हाला फोन करतो?" मी म्हटलं हो, तसंच समजा. ते म्हणाले, "मग लावा फोन." योगायोग बघा, लावला तर हिरवा ठिपका! त्यांच्या टेबलावर माझ्या फोनच्या स्क्रीनवर. त्यांनी लगेच दुसऱ्यांना हाक मारली, "ए, इकडे या रे, चालू आहे म्हणे." त्यानंतर सगळं भराभर झालं.

आज दुपारी दोघं साध्या कपड्यांत जाऊन आले, मला लांब चहाच्या टपरीवर थांबवलं होतं. दुकानदारानं वाद घातला नाही. एक मुलगा "भावाचा आहे, पासवर्ड विसरलाय" म्हणून देऊन गेला होता, सोबत चार्जर नव्हता, म्हणून यानं मोठ्या वॅटचा चार्जर मिळेपर्यंत आठवडाभर तसाच ठेवला. म्हणजे ते अकरा दिवस! दुकानदार फॉरमॅट मारायलाच निघाला होता, पण मुलगा म्हणाला आतले गेम्स हवेत, म्हणून पासवर्ड काढायच्या मागे लागला. वहीत नाव खोटं पण मोबाइल नंबर खरा निघाला. सीरियल नंबर जुळवला, दोन पंच, पंचनामा, लाखेचं सील. मी सही करताना लॅपटॉपवर हात ठेवला तर ते म्हणाले, "हात लावू नका, आता मुद्देमाल आहे तो."

मुलगा संध्याकाळी मिळाला. एकोणीस वर्षांचा आहे. फोन त्यानं आधीच विकलाय, तो तपास चालू आहे.

---

ढगात गोळी, रात्री ११:०२

दंडवत घ्या. "मग लावा फोन" हे आम्ही आता ऑफिसात वापरणार.

---

रात्रपाळी, रात्री ११:२०

चार्जरनं वाचवलं तुला, टेलस्केलनं नाही, हे लक्षात ठेव. आणि गेम्सनं.

तपासून बघ बरं, टेलस्केलची की (मशीनचं लॉगिन टिकवणारी किल्ली) किती दिवसांत संपणार होती? ठरवून बंद केली नसेल तर १८० दिवसांनी संपते आणि परत लॉगिन मागते, मग ठिपका कधीच हिरवा होत नाही.

---

उनाड पेठकर, रात्री ११:४१

आत्ता बघितलं. पुढच्या मंगळवारी संपणार होती.

---

चहाबाज, रात्री ११:४३

मीच चहा सांडला आता.

---

निवांतपंत, दीड महिन्यानं, सकाळी ११:००

धागा वर काढतोय. उनाड, लॅपटॉप हातात आला का? माझाही परवा गाडीची काच फोडून नेला आहे, विंडोजचं फाइंड माय डिव्हाइस चालू होतं पण शेवटचं लोकेशन माझ्याच घराचं दाखवतंय.

---

उनाड पेठकर, दुपारी १:१५

निवांतपंत, वाईट वाटलं. फाइंड माय डिव्हाइस लोकेशन नोंदवतं ते नेटला असताना, त्यामुळे चोरानं अजून नेट जोडलं नसणार, रोज एकदा रिफ्रेश करत राहा, खात्यातून ते डिव्हाइस काढून टाकू नका. जीमेल त्यात उघडं असेल तर कॉम्प्युटरवरून जीमेलच्या पानाच्या तळाशी उजवीकडे "डिटेल्स" असतं, तिथे कुठल्या आयपीवरून कधी उघडलं ते दिसतं. बँकेचे पासवर्ड मात्र आजच बदला. आणि "तुमचा लॅपटॉप सापडला, इथे लॉगिन करा" असे मेसेज आले तर उघडू नका, फोनवाल्या मित्राला तसे दोन आले.

माझा आला, गेल्या शुक्रवारी. कोर्टात अर्ज, बॉण्ड, सुपूर्दनामा, चार फेऱ्या, आणि खटला संपेपर्यंत विकायचा नाही अशी अट. सील तोडलं तर झाकणावर दुकानाचं पिवळं स्टिकर तसंच: "पासवर्ड काढणे, ₹५००, अर्जंट." काढलं नाही, राहू दिलंय.

सोफ्यामागचा चार्जर काढला, धूळ झटकली, लावला. लॉगिन केलं तर आधी अपडेटनं पाऊण तास घेतला.